रुजवात घेणार

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफाराची नक्कल मिळते तेव्हा तिच्या तळाशी दोन-तीन ओळी असतात. 'नक्कल तयार करणार', 'रुजवात घेणार', आणि शेजारी 'खरी नक्कल' असा शिक्का. नक्कल घेणारा गट नंबर बघतो, क्षेत्र बघतो, आजोबांच्या नावात काना-मात्रा चुकली नाही ना ते बघतो आणि कागद पिशवीत टाकतो. तळाच्या सह्यांकडे लक्ष जायचं कारणच नसतं. पण सरकारी दप्तरं एकमेकांना जोडून माणसाची ओळख पटवायची, या सध्याच्या उद्योगाबद्दल मराठीत बोलायचं, तर मला त्या मधल्या ओळीपासून सुरुवात करावीशी वाटते.

नक्कल हा अरबी 'नक्ल'. त्याचा मूळ अर्थ वाहून नेणं, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणं. मजकूर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर वाहून नेला की नक्कल झाली. वाहून नेताना थोडंफार सांडतंच. एकाचा सात होतो, विठोबाचा विठू होतो. म्हणून कचेरीनं दुसरा माणूस नेमला. त्यानं नक्कल हातात घेऊन पुन्हा अस्सल कागदाकडे जायचं, ओळीवर बोट ठेवून दोन्ही ताडायचे आणि मग सही करायची. या परत जाण्यालाच रुजवात म्हणतात, कारण अरबी 'रुजू' म्हणजे परतणं. आपण नोकरीवर 'रुजू' होतो तो हाच शब्द. जुन्या कागदांत तो 'रुजुवात' असाही भेटतो आणि हिशेब समोरासमोर ठेवून ताडणं, इतकंच काय, दोन साक्षीदारांना एकमेकांपुढे उभं करणं, हेही त्यात येतं. 'खरी नक्कल' हा शिक्का ऐकायला विनोदी वाटतो, पण रुजवात झाल्याशिवाय नक्कल खरी होत नाही, हे त्यात नेमकं सांगितलेलं आहे.

शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांच्या शेवटी 'रुजू', 'बार सूद' असे शेरे दिसतात. यातला 'सूद' म्हणजे फारसी 'शुद', झालं. पत्र बाहेर पडण्याआधी ते दप्तरी चढलं, अमक्यानं पाहिलं, याची ती खूण. पुढे कोणी सनद घेऊन आला की ती खरी की बनावट हे ठरवायला त्या शेऱ्याचा माग काढत दप्तरातल्या नोंदीपर्यंत जाता येई. हा माग काढणारी माणसं आता आपल्याकडे आडनावांत उरली आहेत: चिटणीस, पारसनीस, पोतनीस, वाकनीस, जमेनीस. सगळ्यांच्या शेपटीला असलेला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. हा धातू आपल्या भूमीवर इस्लामी राजवटींच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. वायव्येकडे शाहबाजगढीला अशोकाचे जे शिलालेख आहेत, त्यांत 'लिहिलेलं' या अर्थी 'निपिस्त' असा शब्द येतो आणि लेखाला 'दिपि' म्हटलेलं आहे. दोन्ही इराणी. म्हणजे सरकारी कारकुनाला फारसी शब्द लावण्याची चाल मोगलांनी पाडली असं समजायचं कारण नाही.

या दप्तरी हुद्द्यांमधली एक जोडी मला विशेष वाटते. फडणीस आणि मुजुमदार. फडणीस हा 'फर्दनवीस' असं बहुतेक कोशकार सांगतात. मध्ये मराठीतला 'फड' आडवा येतो आणि त्यावरूनही काहीजण व्युत्पत्ती लावतात, पण फर्द अधिक पटतो. अरबीत 'फर्द' म्हणजे एकटा, सुटा. त्यावरून एक सुटा बंद, एक यादी. आणि मुजुमदार म्हणजे 'मजमूदार', मजमू सांभाळणारा. मजमू म्हणजे एकत्र केलेलं. जमा, जमाव, जमात आणि शुक्रवारचा जुम्मा हे सगळे याच धातूचे. एक जण सुटे बंद लिहितो, दुसरा ते एकत्र करून ताडतो. दोन कामं, दोन माणसं, दोन हुद्दे. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश केला, त्यात मुजुमदाराला 'अमात्य' हा शब्द दिला. यात एक गमतीचा योग आहे. अमात्यातला 'अमा' म्हणजे एकत्र, एका घरात. सूर्यचंद्र एकत्र राहतात ती अमावास्या, तिथलाच. मुद्दाम साधलं की आपोआप जमलं, देव जाणे.

आता दप्तर. पाठीवर दप्तर घेऊन शाळेत गेलेल्या कुणाच्याही मनात येणार नाही, पण या शब्दाचा उगम कातड्यात आहे. ग्रीक 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत, म्हणून लिखाणाच्या साधनालाही तेच नाव पडलं. तिथून ते अरबी-फारसीत 'दफ्तर' होऊन आपल्याकडे आलं. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टरांनी याच शब्दावरून डिफ्थेरिया म्हटलं. आपण त्याला घटसर्प म्हणतो म्हणून दप्तराचं हे नातं आपल्यापासून लपून राहिलं. आणि संस्कृताभिमान्यांनी फार खूश होऊ नये. 'पुस्तक' हा शब्दही मध्य इराणी 'पोस्त' म्हणजे कातडं यावरूनच आला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. एकूण लिहून ठेवायचं ते कातड्यावर. आज आपण आधार केंद्रात बोटांचे ठसे देतो तेव्हा वाचलं जातं ते पुन्हा कातडंच, फक्त आता ते आपलं स्वतःचं असतं.

माणसाच्या शरीराची नोंद ठेवून त्याची ओळख पटवायची ही युक्तीही जुनीच. आपण 'चेहरेपट्टी' हा शब्द नाकीडोळी कशी आहे यासाठी वापरतो. त्यातली पट्टी मात्र घरपट्टी-पाणीपट्टीतली, म्हणजे लिहिलेली यादी आहे. दिल्लीच्या सुलतानांपासून फौजेत एक कायमचं दुखणं होतं. सरदार शंभर घोडदळाचे पैसे घेई आणि साठच ठेवी. मोजणीच्या दिवशी शेजारच्या सरदाराकडून घोडे उसने आणी. तोच घोडा आज या पागेत, उद्या त्या पागेत. त्यावर अलाउद्दीन खिलजीच्या काळात आणि पुढे अकबराच्या मनसबदारीत दोन उपाय झाले. घोड्याला डाग द्यायचा आणि शिपायाचा चेहरा लिहून घ्यायचा: रंग, उंची, कपाळावरचा व्रण, गालावरचा तीळ. कपड्यावरचा आपला डाग हा फारसी 'दाग' म्हणजे हीच तापल्या लोखंडाची खूण. एकच माणूस दोन नावांनी दोनदा मोजला जाऊ नये, हा आधार योजनेचा जो मूळ हेतू, तो इथे घोड्याच्या पुठ्ठ्यावर उमटलेला दिसतो.

आणि 'ओळख'? ती संस्कृत 'उपलक्ष्'वरून प्राकृतातून उतरली. 'लक्ष्' म्हणजे खूण. लक्षण, लक्ष, लक्षात येणं, सगळं तिथलंच. खुणेवरून कळणं म्हणजे ओळखणं. गुजराती 'ओळख'ही तीच. जात्याच हा शब्द शरीराच्या आणि सवयीच्या खुणांवर उभा आहे. चालीवरून ओळखलं, आवाजावरून ओळखलं असं आपण म्हणतो. क्रमांकावरून ओळखलं, असं मात्र अजून कोणी म्हणत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या विषयाचं एक फार बोलकं प्रकरण आहे. तिथे 'नागरिक' हा शब्द येतो तो आपल्या अर्थानं नाही. तिथला नागरिक हा नगराचा अधिकारी आहे. त्याच्या हाताखाली 'गोप' असतात. एकेका गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबं. घरातल्या बायका-पुरुषांची जात, गोत्र, नाव, धंदा, मिळकत आणि खर्च त्याला ठाऊक असला पाहिजे. म्हणजे जो मोजतो तो नागरिक. दोन हजार वर्षांत हा शब्द टेबलाच्या अलीकडे आला आणि जो मोजला जातो तो नागरिक झाला. पण खरी मेख पुढे आहे. खेड्यांतल्या गोपांनी दिलेले आकडे कौटिल्य तसेच खरे धरत नाही. गृहस्थाच्या वेषात हेर पाठवून तो शेतं, घरं, कुटुंबं पुन्हा मोजून घेतो आणि गोपाच्या आकड्यांशी ताडून बघतो. हेरानं गोपाच्या वहीतून उतरवून घ्यायचं नाही. स्वतः जाऊन पाहायचं. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी, एकमेकींपासून अलग राहून केलेल्या.

याला आपल्या भाषेत चपखल शब्द आहे, पडताळा. यातला 'पड' पडण्यातला नाही. तो संस्कृत 'प्रति'चा वंशज आहे: प्रतिशब्दाचा पडसाद झाला, प्रतिच्छायेची पडछाया, प्रतिजिव्हेची पडजीभ. तसा ताळ्यासमोर ठेवलेला ताळा तो पडताळा. ताळा म्हणजे मेळ. ताळमेळ, ताळेबंद यांतला. जुन्या शाळांत गुणाकार झाला की गुरुजी 'ताळा बघ' म्हणत. आकड्यांची बेरीज करत, नऊ टाकत जायचं आणि दोन्हीकडचं उरलेलं जुळतं का पाहायचं. या नवाच्या ताळ्यात एक खोट होती. 47 च्या जागी 74 लिहिलं तरी तो गप्प बसे, कारण बेरीज तीच. 1969 साली याकोबुस व्हेर्हूफ नावाच्या डच गणितज्ञानं शेजारच्या आकड्यांची अदलाबदल हमखास पकडणारा ताळा शोधून काढला. आपल्या आधार क्रमांकाच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा हा त्याचा ताळा आहे. बाकीच्या अकरांवरून तो काढतात. फॉर्म भरताना एखादा आकडा चुकला तर संगणक लगेच नाही म्हणतो, ते त्याच्या जोरावर. क्रमांक नीट लिहिला आहे एवढंच त्यावरून कळतं. तो समोरच्या माणसाचाच आहे का, हे त्या ताळ्याला ठाऊक नसतं.

महाराष्ट्रात मात्र पडताळणी म्हटलं की लोकांच्या तोंडी आधी 'जात' येते. जात पडताळणी समितीकडे खेटे घालणाऱ्याला या शब्दाचं वजन सांगायला नको. तिथे आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी, खासरा पत्रक, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद असे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेले कागद मांडावे लागतात. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत हीच दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. या कागदांना किंमत आहे ती ते एकमेकांना न विचारता लिहिले गेले म्हणून. कोतवालानं मृत्यूची नोंद केली तेव्हा तो मास्तरांचं रजिस्टर बघायला गेला नव्हता.

दोन दप्तरं जोडण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सातबारा हे त्याचं घरगुती उदाहरण. गाव नमुना 7 म्हणजे जमीन कोणाची, याचा अधिकार अभिलेख. गाव नमुना 12 म्हणजे तीत काय पिकतं, याची नोंदवही. दोन नमुने एका कागदावर आले आणि त्या जोडणीचंच नाव पडलं. हक्काची आणि पिकाची अशा दोन निराळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यामुळे मालक एक आणि कसणारा दुसरा, हे एका नजरेत दिसू लागलं. या कागदानं किती भांडणं मिटवली आणि किती लावली याचा हिशेब वेगळा.

आता आजच्या शब्दांकडे येऊ. विशिष्ट ओळख प्राधिकरण 2009 साली स्थापन झालं आणि 29 सप्टेंबर 2010 रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. 'आधार' हे नाव ज्यांनी सुचवलं त्यांच्या मनात टेकू, भरवसा असंच काहीतरी असणार. पण व्याकरण शिकलेल्यांना आणखी एक अर्थ ऐकू येतो. पाणिनीनं अधिकरण या कारकाची ओळख करून दिली ती आधार याच शब्दानं. क्रिया जिथे घडते ती जागा म्हणजे आधार. झाडावर पक्षी बसला, यात झाड. शाळेत आपण सप्तमी म्हणून घोकलेलं ते हेच. आणि आधार देणाऱ्या संस्थेचं नाव काय, तर प्राधिकरण! पोटात अधिकरण घेऊनच बसलेलं. कारकांच्या या जमाखर्चात कर्ता मात्र पक्षी असतो, झाड नसतं, एवढं लक्षात असू द्यावं. पुढे याच धाटणीवर नावं निघत गेली. आरोग्याची आभा, विद्यार्थ्यांची अपार. ही दोन्ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत, पण रूप संस्कृताचं. अपार म्हणजे ज्याला पार नाही असं. शाळांमध्ये हे आयडी काढणाऱ्या शिक्षकांना नाव अगदी योग्य वाटत असेल. आणि 1980 सालच्या संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला आता आधार जोडावा लागतो, यावर मी काही बोलत नाही.

एका दप्तरातला माणूस दुसऱ्या दप्तरातल्या माणसाशी जोडण्यासाठी तीन शब्द चालतात. बोलण्यात 'लिंक', शासन निर्णयात 'संलग्न', बँकेत 'सीडिंग'. लिंक म्हणजे साखळीची कडी, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संलग्न मात्र मजेचा आहे. लग् म्हणजे चिकटणं. त्यावरून लग्न, म्हणजे चिकटलेलं. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला जी रास चिकटलेली असते ती लग्नरास, आणि त्या घटकेला होणारा विवाह म्हणून विवाहालाच लग्न. 'खातं आधारशी संलग्न आहे' म्हणजे दोघांचं लग्न लागलेलं आहे. गंमत अशी की हे लग्न मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण लग्नच असतं. मुलीच्या दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आणखी तिसरंच. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येण्यासाठी खातं संलग्न हवं म्हटल्यावर 2024 च्या पावसाळ्यात सेतू केंद्रांपुढे ज्या रांगा लागल्या, त्यांत बायकांचे किती तास या एका 'लग्'पायी गेले असतील!

नावाची ही कटकट मराठी माणसाच्या वाट्याला जरा जास्तच येते. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नावही आलं, म्हणजे चार पदर झाले. आडनाव या शब्दातला 'आड' आडवाटेतला, बाजूचा. मुळात ते बाजूचं नाव, चारचौघांतून वेगळं काढायला दिलेलं. संगणकाच्या रकान्यात ते कधी आधी, कधी शेवटी. विदर्भात जाधवांचं रोमन स्पेलिंग वेगळं, पश्चिम महाराष्ट्रात वेगळं. रोमन अक्षरांवरून यंत्रानं पुन्हा देवनागरी केली की काळेंचे काले होतात. माणूस तोच, गाव तेच, अंगठा तोच, पण 'नेम मिसमॅच'.

सीडिंग म्हणजे पेरणी. एका दप्तरातला क्रमांक दुसऱ्या दप्तरात पेरायचा. पेरलेलं काय होतं? रुजतं. इथे आपला तो 'रुजू' पुन्हा डोकावतो, पण फसायचं नाही. बी रुजतं ते क्रियापद शेतातलं, त्याचा अरबीतल्या परतण्याशी काडीचा संबंध नाही. तरी मला हा योग अर्थपूर्ण वाटतो, कारण दोन्ही क्रिया नेमक्या उलट दिशेच्या आहेत. रुजणारं बी मुळाकडे परत जात नाही. ते पुढे वाढतं, पसरतं, आणि सोबत चूक असेल तर तीही वाढते.

याचा पुरावा हवा असेल तर कुठल्याही सरकारी कार्यालयात 1 जूनला जावं. त्या दिवशी निम्म्या लोकांचा वाढदिवस असतो, अशी थट्टा आपल्याकडे चालते. खेड्यात आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मास्तर मुलाचं वय अंदाजानं धरून जूनची पहिली तारीख टाकायचे. ती जनरल रजिस्टरातून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तिथून आधारवर, आधारवरून पॅनवर, पॅनवरून बँकेत. आता चार-पाच दप्तरं एकमुखानं सांगतात, जन्म 1 जून. संगणक म्हणतो जुळलं. जुळणारच, कारण या पाचांपैकी चार नकला आहेत. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पाहून लिहिलेली एकही नोंद त्यांत नाही. ज्याच्यासमोर ठेवायचं ते 'प्रति'च उरलं नाही, मग पडताळा कसला?

'दाखला' हा शब्दही इथे जरा थांबून बघण्यासारखा आहे. अरबी 'दखल' म्हणजे आत शिरणं. वहीत नाव शिरलं की दाखल झालं, आणि शिरल्याचा कागद तो दाखला. म्हणून शाळा 'सोडल्याचा दाखला' म्हणजे शब्दशः बाहेर पडल्याचा प्रवेश! उत्तर भारतात जमिनीच्या फेरफाराला अजून दाखिल-खारिज म्हणतात, एक नाव आत, एक बाहेर. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांचा जन्मदाखला शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत पुष्कळ कामांना एकटाच पुरेसा धरला जाऊ लागला. दाखले कमी लागणं हे चांगलंच. माझा आक्षेप दाखले कमी होण्याला नाही. पहिल्या नोंदीत चूक झाली तर ती दाखवून देणारा दुसरा, तिच्याकडून न उतरवलेला कागद कुठे तरी राहावा, एवढंच म्हणणं आहे.

वेगवेगळ्या खात्यांच्या माहितीसाठ्यांना इंग्रजीत सायलो म्हणतात. सायलो म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, अर्थात आपलं पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. माहितीच्या पेवांचा प्रश्न न्यायालयातही गेला. आधारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 26 सप्टेंबर 2018 ला लागला. बँक खातं आणि मोबाइल आधारशी जोडण्याची सक्ती गेली; पॅनची राहिली, सरकारी अनुदानांचीही राहिली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळा निकाल लिहिला. सुटी असलेली ही पेवं एका क्रमांकाच्या पुलानं जोडली गेली तर माणसाचं सगळं आयुष्य एका ठिकाणाहून पाहता येईल, या आशयाची काळजी त्यात आहे. मराठीत 'पेव फुटणं' म्हणजे एखाद्या गोष्टीचा अचानक सुळसुळाट होणं. माहितीची गळती होते तेव्हा हा वाक्प्रचार एकदम शब्दशः खरा होतो. पेवं सुटी असण्याचा एक साधा फायदा म्हणजे एक फुटलं तर सगळी फुटत नाहीत.

म्हणून जोडूच नये का? तसं म्हणणं सोपं आहे आणि ते घरी बसून म्हणता येतं. ज्या विधवेचं नाव एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, तिला दोन्ही याद्या एकमेकींशी बोलायला हव्यात. निवृत्तांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागायचं. 'हयात' म्हणजे जीवन, म्हणजे जिवंत असल्याची नोंद. 2014 पासून 'जीवन प्रमाण'मुळे तो अंगठ्यावर देता येतो, 2021 पासून चेहरा दाखवूनही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला हे वरदान आहे. चेहरेपट्टी पुन्हा कामाला लागली, एवढाच काय तो फरक. इथे माणूस दर वर्षी स्वतः समोर येतो, नोंद ताजी होते. ही जोडणी आणि मास्तरांच्या तारखेची नक्कल पाच जागी पेरणं, या दोन गोष्टींना आपण एकच 'लिंक' हा शब्द वापरतो, ही माझी तक्रार. पहिलीला रुजवात म्हणता येईल. दुसरीला नाही.

हयातीचा विषय निघाला की आजमगढच्या लालबिहारींची आठवण येतेच. 1970 च्या दशकात कर्जासाठी कागद काढायला गेले तेव्हा त्यांना कळलं की महसुली दप्तरात आपण मयत आहोत आणि जमीन नातेवाइकांच्या नावे चढलेली आहे. खारिज एक, दाखिल दुसरा. त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं, आपल्यासारख्या इतरांचा मृतक संघ काढला. 2021 चा 'कागज' हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला आहे. जिवंत असल्याची सरकारी कबुली मिळायला 1994 उजाडलं. त्या मधल्या काळात ते निवडणुकीला उभे राहिले. अर्ज भरायला मतदारयादीत नाव लागतं, आणि तिथे ते होतं; कारण महसुली वहीला आणि मतदारयादीला एकमेकींची खबर नव्हती. दोन्ही वह्या त्या वेळी एका क्रमांकानं बांधलेल्या असत्या, तर एकाच खोडण्यात ते दोन्हीकडून गेले असते.